डोंगराकडे पाहताना: शोक, निसर्ग आणि आपली श्रद्धा

(नोव्हेंबर महिन्यानिमित्त अभ्यासलेख. कुटुंबात किंवा लघुसमूहात वाचावा.)

वाचनासाठी: १ राजे १९:१-२१, स्तोत्र १२१, योहान २०:११-१८



नोव्हेंबर हा आपल्या मृत प्रियजनांसाठी प्रार्थना करण्याचा महिना. २ तारखेला आपण सारे दफनभूमीत जातो. पावसाळ्यात माजलेले गवत काढतो, कबर धुऊन पुसून घेतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. फादर प्रत्येक कबरीवर पवित्र पाणी शिंपडतात. मग आपण घरी येतो आणि कामाला लागतो. पण ज्यांच्या घरात यंदा जेवणाचे एक ताट कमी झाले, त्यांनी उरलेले अकरा महिने कसे काढायचे?

आपण महाबळेश्वरला राहतो. देशभरातून लोक येथे मन ताजेतवाने करायला येतात. "तुम्ही नशीबवान, तुमच्याकडची हवाच औषध आहे," असे पाहुणे आपल्याला म्हणतात. आपण हसून मान डोलावतो. पण ज्याच्या घरी मृत्यू येऊन गेला, त्याला याच हवेत श्वास घेणे जड जाते, हेही आपल्याला ठाऊक आहे. मग डोंगर, झाडे आणि मोकळी हवा खरोखरच दुःख बरे करतात का? आज आपण या प्रश्नाचा पवित्र शास्त्राच्या आणि आपल्याच गावाच्या आधारे विचार करू.

१. आर्थर सीटवर बसलेला माणूस

आर्थर सीट आपल्या सर्वांच्या परिचयाची. डाव्या हाताला सावित्रीची खोल, उघडी दरी आणि उजव्या हाताला जोरच्या बाजूचे हिरवे रान. मधल्या कड्यावर उभे राहिले की एकीकडे कोकण आणि दुसरीकडे देश.

हे नाव गव्हर्नर सर जॉर्ज आर्थर यांच्यावरून पडले असे काही जण सांगतात. पण गाइड मंडळींच्या तोंडी असलेली गोष्ट वेगळी आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई सरकारात आर्थर मॅलेट नावाचे एक सनदी अधिकारी होते. त्यांची तरुण पत्नी आणि अवघ्या काही दिवसांची तान्ही मुलगी बाणकोटजवळ सावित्रीच्या मुखाशी बोट बुडून मरण पावल्या. त्यानंतर मॅलेटसाहेब या कड्यावर येऊन तासन्‌तास सावित्रीच्या दरीकडे पाहत बसत, असे म्हणतात.

या गोष्टीत एक बाब विचार करण्यासारखी आहे. हा माणूस नदीपासून दूर पळून गेला नाही. जिने त्याचे सर्वस्व नेले, तिचाच उगम जिथे आहे त्या डोंगरावर तो येऊन बसला. आपल्यापैकी अनेकांना हे समजेल. ज्या दवाखान्यात आपले माणूस गेले, त्या रस्त्याने जाणे काही जण वर्षभर टाळतात आणि काही जण मुद्दाम त्याच रस्त्याने जातात. दोघेही आपापल्या परीने शोकच करत असतात.

आणखी एक गोष्ट विसरू नये. त्या बोटीत मायलेकींबरोबर तेरा खलाशीही बुडाले. त्यांच्या नावाचा पॉइंट कुठे नाही. त्यांच्या बायका-मुलांनी आपले दुःख कुठे बसून सोसले असेल? बहुधा त्याच खाडीच्या काठी, जाळी विणता विणता आणि मासळी सुकवता सुकवता. दुःखाला साहेब आणि खलाशी असा भेद नसतो. तेव्हा निसर्गाच्या सहवासात शोक करणे ही बंगला आणि फुरसत असलेल्यांची चैन आहे, असे कोणी समजू नये.

आर्थर सीटवर पर्यटक बाटलीची झाकणे दरीत टाकतात आणि वाऱ्याने ती परत वर येतात. मुलांना त्याची मोठी गंमत वाटते. दुःखाचेही तसेच आहे. "विसरून जा, टाकून दे" असे म्हणून ते दरीत फेकता येत नाही, ते पुन्हा वर येते. ते हातात धरून बसायला जागा मात्र लागते.

२. निसर्ग हिरावूनही घेतो

येथे मला स्वतःविषयी थोडे सांगावे लागेल.

जुलै २०२१ चा तो पाऊस आपण कोणी विसरलेलो नाही. २२ आणि २३ जुलैच्या चोवीस तासांत आपल्या गावात ५९४ मिलीमीटर पाऊस पडला. आंबेनळी घाट जागोजागी खचला. खाली महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच आठवड्यात, बरेच दिवसांच्या आजारानंतर माझे यजमान प्रभूच्या घरी गेले. माझे दीर आणि नणंदा कोकणात. रस्ता बंद, त्यात साथीचे दिवस. कोणी येऊ शकले नाही. दफनाला फादर, पाच-सहा माणसे आणि पाऊस एवढेच होते. खणलेल्या खड्ड्यात पाणी साचत होते आणि बादलीने उपसावे लागत होते. तो बादलीचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

त्यानंतर "निसर्गात मन रमव" असे कोणी म्हटले की मला राग येई. कोणता निसर्ग? ज्याने तळियेची घरे गाडली तो? ज्याने माझ्या माणसाच्या कबरीत पाणी भरले तो? हीच सावित्री २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिशकालीन पूल आणि त्यावरच्या दोन एस.टी. गाड्या घेऊन गेली होती. पावसाचा आवाज आला की मी खिडक्या लावून घेत असे.

हे येथे लिहिण्याचे कारण असे, की असा राग मनात आला म्हणजे आपली श्रद्धा कमी पडली असे अनेकांना वाटते. तसे नाही. ईयोबाचा ग्रंथ वाचा. सारे गमावलेला ईयोब देवाला कितीतरी अध्याय प्रश्न विचारतो आणि देव त्याला गप्प बस म्हणून हाकलून देत नाही. अडतिसाव्या अध्यायापासून देव उत्तर देतो तेव्हा तो ईयोबाच्या दुःखाचे कारण सांगत नाही. तो त्याला समुद्र, तारे, हिम, पाऊस, रानबकऱ्या आणि गरुड दाखवतो. ते उत्तर पहिल्या वाचनात अपुरे वाटते. पण ईयोबाचे मित्र भाषणे देत होते आणि देवाने त्याला बाहेर पाहायला लावले, हा फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

स्तोत्र १२१ मध्ये स्तोत्रकर्ता डोंगरांकडे डोळे लावतो आणि मला साहाय्य कोठून येईल असे विचारतो. त्याचे उत्तर डोंगर हे नाही. डोंगर ज्याने घडवले त्या प्रभूकडून साहाय्य येते, असे तो म्हणतो. आपल्या श्रद्धेची ही सीमारेषा आहे. निसर्ग देव नाही. तो कधी कोमल असतो, कधी भयंकर. तो देवाच्या हातची निर्मिती आहे आणि आपल्याप्रमाणेच तारणाची वाट पाहणारी आहे, असे संत पौल रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात शिकवतो.

३. एलियाला देवाने काय दिले?

आजच्या पहिल्या वाचनात एलिया संदेष्टा इतका खचला आहे, की तो रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. अशा माणसाशी आपण कसे वागतो? आपण त्याला उपदेश करतो. "धीर धर", "देवाची इच्छा", "लेकरांकडे बघ". देवाने काय केले ते क्रमाने पाहा.

पहिले, त्याला झोपू दिले. दुसरे, दूताकरवी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू दिला, एकदा नव्हे, दोनदा. तिसरे, त्याला चालायला लावले, होरेब डोंगरापर्यंत चाळीस दिवस. चौथे, त्याला बोलू दिले आणि त्याची तीच तक्रार दोन वेळा ऐकून घेतली. पाचवे, डोंगरावर वारा, भूकंप आणि अग्नी यांच्यानंतर एका मंद, शांत स्वरात तो त्याला भेटला. आणि शेवटी त्याला काम दिले आणि अलीशाच्या रूपाने एक सोबती दिला.

झोप, अन्न, चालणे, मोकळेपणी बोलणे, शांतता, काम आणि सोबत. डोंगर या यादीत आहे, पण तो एकटा नाही. त्याच्याआधी भाकर आहे आणि त्याच्यानंतर सोबती आहे. ज्याच्या घरी मृत्यू झाला आहे त्याला "जरा पॉइंटवर फिरून ये" असे सांगण्याआधी आपण त्याच्याकडे डबा पोचवला का, हे स्वतःला विचारावे.

४. मोकळी हवा नेमके काय करते?

आपल्या शेजारी पाचगणीला बेल-एअर रुग्णालय आहे. ते १९१२ साली क्षयरोग्यांसाठी सुरू झाले. त्या काळी क्षयावर गुणकारी गोळ्या किंवा इंजेक्शने नव्हती, ती १९४० नंतरच्या दशकांत आली. तोवर स्वच्छ हवा, ऊन, विश्रांती आणि पौष्टिक अन्न हाच उपचार होता. हवेने क्षयाचा जंतू मरत नसे. पण शरीराला झुंजायला बळ मिळे आणि काही रोगी तरून जात.

शोकाच्या बाबतीतही असेच म्हणता येईल. झाडाखाली बसल्याने गेलेले माणूस परत येत नाही, दुःखाचे मूळ नाहीसे होत नाही. पण दुःख वाहणाऱ्या शरीराला आणि मनाला बळ मिळते. १९८४ साली रॉजर उलरिक या अमेरिकन संशोधकाने याविषयी एक साधा अभ्यास प्रसिद्ध केला. पेन्सिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती. झाडे दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधे कमी लागली. शस्त्रक्रिया दोन्हीकडे सारखीच होती, जखम सारखीच होती. फरक होता तो खिडकीचा.

शोकात आपण सहसा पहिली कोणती गोष्ट करतो? खिडकी बंद करतो. मीही तेच केले होते.

५. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यातला धडा

त्या वर्षी ऑक्टोबरात शेजारच्या मावशी एका सकाळी दारात आल्या. त्या आपल्या धर्माच्या नाहीत. "बाई, रोपे आलीत, लावायला माणूस कमी पडतंय. चला," एवढेच त्या म्हणाल्या. सांत्वनाचा एक शब्दही नाही. मी शाळेत शिकवलेली बाई, मला शेतातले काही येत नव्हते. नाही म्हणायला शब्द सुचले नाहीत म्हणून गेले.

स्ट्रॉबेरीची लावण आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. गादीवाफ्यावर भोक पाडून रोप ठेवायचे आणि बोटांनी माती दाबायची. मी पहिल्या ओळीत रोपे खोल गाडली. मावशींनी ती उपटून पुन्हा लावली आणि म्हणाल्या, "कोंब गाडायचा नाही, कुजतो. वर उघडाबी ठेवायचा नाही, वाळतो. मातीच्या बरोबरीला ठेवा."

त्या वेळी ते फक्त शेतीचे बोलणे होते. पुढे किती रात्री मला ते आठवले. मी माझे दुःख गाडून टाकत होते. कोणी विषय काढला की "मी बरी आहे" असे म्हणत होते. आतून ते कुजत होते. दुसरे काही जण ते सतत उघडे ठेवतात, दिवसरात्र तेच, आणि स्वतः वाळत जातात. दुःखाला मातीच्या बरोबरीला ठेवायला शिकावे लागते: मूळ आत, कोंब उजेडात.

मी सहा दिवस लावणीला गेले. चौथ्या दिवशी, गुडघे चिखलात असताना, मला रडू आले. दफनाच्या वेळीही मी इतकी रडले नव्हते. मावशी थांबल्या नाहीत, माझ्याकडे पाहिले नाही, फक्त त्यांचा वाफा सोडून माझ्या शेजारच्या ओळीत आल्या. डिसेंबरात त्यांनी पहिल्या तोडणीची टोपली घरी आणून दिली. त्या नाताळला मी खिडक्या उघडल्या.

आपल्या डोंगरउतारावरची कारवी पाहा. ती सात-आठ वर्षे नुसती वाढते, मग एकदाच सारा डोंगर जांभळा करते आणि मरते. पुढच्या वर्षी त्या उतारावर नुसत्या वाळक्या काठ्या दिसतात. नवख्या माणसाला वाटते, रान जळाले. पण बी खाली पडलेले असते आणि पावसाबरोबर नवी रोपे उठतात. वाळलेल्या काठ्याही वाया जात नाहीत, डोंगरातली माणसे त्यांचे कूड बांधतात. गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला तरच तो पुष्कळ पीक देतो, हे प्रभू येशूचे शिक्षण (योहान १२:२४) आपल्याला पुस्तकाबाहेर रोज दिसते. प्रश्न एवढाच, की आपण पाहतो का?

६. प्रभू येशू आणि बाग

प्रभू येशूनेही शोक केला. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या वधाची बातमी ऐकल्यावर तो तारवात बसून एकांतस्थळी निघून गेला (मत्तय १४:१३). मरणाच्या आदल्या रात्री तो जैतुनाच्या झाडांच्या बागेत गेला, पण तेथेही त्याने तीन शिष्यांना जवळ राहण्यास सांगितले. त्याला ज्या कबरीत ठेवले तीही एका बागेत होती, असे संत योहान मुद्दाम नमूद करतो (योहान १९:४१).

त्या बागेत मग्दालेना मरीया रडत उभी होती. बाग सुंदर असेल, वसंताचे दिवस होते. पण बागेने तिचे रडणे थांबले नाही. समोर उभा असलेला प्रभू तिला माळी वाटला. त्याने तिला नावाने हाक मारली, तेव्हा तिने त्याला ओळखले.

या एका प्रसंगात आजच्या सर्व अभ्यासाचे सार आहे. मरीया घरात दार लावून बसली असती तर? बागेपर्यंत चालत जाणे तिच्या हाती होते. नावाने हाक मारणे प्रभूच्या हाती होते. निसर्ग आपल्याला बरे करत नाही, बरे करणारा प्रभू आहे. पण पुष्कळदा तो आपल्याला बागेत भेटतो आणि पुष्कळदा तो माळ्यासारखा, शेजारच्या मावशीसारखा दिसतो.

असिसीकर संत फ्रान्सिसने १२२५ च्या सुमारास सूर्य, चंद्र, वारा आणि पाणी यांना भाऊ-बहीण म्हणणारे आपले स्तुतिगीत रचले. तेव्हा तो निरोगी तरुण नव्हता. डोळ्यांच्या दुखण्याने त्याला जवळजवळ दिसत नव्हते, उजेड सहन होत नव्हता. ज्या सूर्याकडे पाहता येत नव्हते त्याच्यासाठी त्याने देवाची स्तुती केली. पुढच्या वर्षी मरण जवळ आले तेव्हा त्याने त्या गीतात मरणालाही बहीण म्हणून जागा दिली. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली सृष्टीच्या जतनाविषयी लिहिलेल्या 'लाउदातो सी' या परिपत्राचे नाव त्याच गीतातून घेतले आहे.

७. आपण काय करू शकतो?

• शोकात असाल तर रोज अर्धा तास घराबाहेर पडा. फार लांब नको. जांभळीच्या, हिरड्याच्या सावलीत चालत एक जपमाळ म्हणा. प्रार्थना सुचत नसेल तर नुसते चाला. एलियानेही चाळीस दिवस चालण्यापलीकडे काही केले नव्हते.

• मातीला हात लावा. डब्यात कोथिंबीर लावली तरी चालेल. गेलेल्या माणसाच्या नावाने एक देशी झाड लावा आणि पहिली तीन वर्षे उन्हाळ्यात त्याला पाणी घाला. लावणे सोपे आहे, पाणी घालणे हीच खरी आठवण.

• दफनभूमीची सफाई फक्त ऑक्टोबरअखेरीस न करता महिन्यातून एकदा करू या. ज्या कबरींना आता कोणी वाली नाही, त्याही वाटून घेऊ या.

• शोकात असलेल्या शेजाऱ्याला उपदेश करू नका. "बाजारात चाललेय, येता का?" असे विचारा. नाही म्हणाला तर पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा.

• आणि एक गंभीर सूचना. झोप-जेवण तुटून बरेच आठवडे झाले असतील, जगणे नकोसे वाटत असेल, तर एकट्याने कड्यावर किंवा तळ्यावर जाऊ नका. घरच्यांना, फादरांना, सिस्टरांना सांगा आणि डॉक्टरांना भेटा. सरकारची टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस सुरू असते. औषध घेणे ही श्रद्धेची उणीव नाही. एलियालाही देवाने आधी भाकर पाठवली.

विचारविनिमयासाठी प्रश्न

१. शोकात असताना तुम्हाला कोणाच्या शब्दांनी नव्हे, तर कृतीने आधार दिला?
२. एलियाला मिळालेल्या सात गोष्टींपैकी (झोप, अन्न, चालणे, बोलणे, शांतता, काम, सोबत) आज तुम्हाला कशाची गरज आहे? तुमच्या शेजाऱ्याला कशाची?
३. निसर्गाचा किंवा देवाचा राग आलेली वेळ तुम्हाला आठवते का? तो राग तुम्ही प्रार्थनेत बोलून दाखवला का?
४. आपल्या वाडीत यंदा कोणाच्या घरी मृत्यू झाला? या आठवड्यात त्यांच्याकडे कोण जाईल?

प्रार्थना

हे प्रभू, डोंगर आणि दऱ्या घडवणाऱ्या पित्या, आमची माणसे तुझ्या हाती आहेत. पावसात पुरलेली आणि पाण्यात हरवलेली, नाव कोरलेली आणि नाव पुसलेली, सर्व तुला ठाऊक आहेत. ज्यांनी खिडक्या लावून घेतल्या आहेत त्यांच्या दारी एखादा शेजारी पाठव आणि तो शेजारी होण्याची बुद्धी आम्हाला दे. आम्ही बागेत रडत उभे असू तेव्हा आम्हाला नावाने हाक मार. आमेन.